खोटा कोल्हा

उल्गी, पश्चिम मंगोलिया, १४ सप्टेंबर १९९७

मामा, सलाम. मामींना सलाम. शेगीरलाही सलाम सांगा, ती गरुड असली आणि माझ्याकडे कधी धड बघत नसली तरी.

बातमी अशी की मी जीप घेतली! रशियन, हिरवी, वर ताडपत्रीचं छत. वयाने माझ्याएवढीच असेल, पण इंजिन मी स्वतः उघडून पुन्हा बसवलंय. गॅरेजमध्ये इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांनी हात काळे केले, आता स्वतःच्या गाडीने करीन. झानार म्हणते, "घरात सवत आणलीस." मी म्हटलं, "ही निदान रुसून माहेरी जात नाही." त्यानंतर दोन दिवस मला चहा मिळाला नाही.

आता मुद्द्याचं. पोस्टाच्या ट्रकवाल्याने सांगितलं की उन्हाळ्यापासून तुम्ही घोड्यावर बसलेला नाहीत. म्हणाला, "म्हातारा काठी टेकत चालतो." मी म्हटलं, माझ्या मामाला म्हातारा म्हणायचा हक्क फक्त मामीचा. पण खरं काय ते कळवा. बर्फ पडला की कोल्ह्यांचा मोसम सुरू होईल. घोड्यावर न चढता तुम्ही शेगीरला शिकारीवर उडवणार कसे? म्हणून म्हणतो, मी जीप घेऊन येतो. पुढच्या दाराची खिडकी काढून टाकू. तुम्ही शेजारी बसा, ती तुमच्या मुठीवर बसेल, आणि मी तुम्हाला अशा कड्यांवर नेतो जिथे तुमचा काळा घोडासुद्धा नाक मुरडेल.

आणि माझं तिसरं मागणं शिल्लक आहे, विसरू नका. भाच्याने मामाकडे तीनदा मागावं आणि मामाने तिन्ही वेळा नाही म्हणू नये, ही रीत काही मी पाडलेली नाही. पहिल्यांदा कपाळावर चांद असलेलं शिंगरू मागितलं, तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. दुसऱ्यांदा लग्नात तुमचा लांडग्याच्या कातड्याचा कोट घेतला. तिसरं जपून ठेवलंय. काय ते सांगणार नाही.

तुमचा कायसार


अक्सू खोरं, ५ ऑक्टोबर

भाच्या,

पत्र पोचलं. ट्रकवाल्याने ते लोण्याच्या डब्याखाली ठेवलं होतं, त्यामुळे अर्धं वाचलं आणि अर्धं तुझ्या मामीने चाटून बघितलं.

मी ठणठणीत आहे. काठी टेकतो ती कुत्र्यांसाठी. ट्रकवाल्याची जीभ त्याच्या चाकांपेक्षा जास्त पळते. घोड्यावर बसलो नाही, कारण उन्हाळ्यात बसायचं कारण नव्हतं.

जीपचं म्हणशील तर गरुड घोड्यावरून उडवायचा असतो. माझ्या बापाने घोड्यावरून उडवला, त्याच्या बापाने घोड्यावरून उडवला. तुझ्या त्या डब्याला तेलाचा वास, आवाज असा की पलीकडच्या खोऱ्यातला कोल्हासुद्धा चीनमध्ये पळून जाईल. तरी पण पिठाची पोती आणायची आहेत, आणि मामीला शिवणयंत्राची सुई हवी आहे. तेवढ्यासाठी आलास तर ये.

शेगीर चांगली आहे. सगळी पिसं नवी आली, छाती भरली, डोळे पहिल्यापेक्षा फिके दिसतात. तिला आता पाण्यात धुवून पांढरं केलेलं मांस देतोय, म्हणजे पोट भरतं पण भूक राहते. हा तिचा माझ्याकडचा सातवा हिवाळा. जाळ्यातून काढली तेव्हाच तिला सांगितलं होतं, सात हिवाळे माझ्यासाठी, पुढचे सगळे तुझ्यासाठी. तेव्हा येत्या वसंतात ती जाणार. गरुडाला दिलेला शब्द मोडला तर तो साक्षीदार आणत नाही, पण म्हणून शब्द मोडायचा नसतो.

हे मुद्दाम लिहितोय. खोऱ्यात सगळे म्हणतात, तुझं तिसरं मागणं शेगीरच असणार. तसं असेल तर ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. आमच्यात म्हणतातच, भाचा काही आपल्या कुळाचा होत नाही आणि मानगुटीचं मांस काही जेवण होत नाही. लहानपणी तुला दोन लगावायला हव्या होत्या. पण भाच्याला मारलं की मामाचा हात थरथरायला लागतो, आणि थरथरणाऱ्या हातावर गरुड बसत नाही. म्हणून वाचलास.

मामी विचारते, झानारला दिवस गेलेत का. मी म्हटलं, जीप घेतलीय ना, तेवढं पुरे.

दलायखान


उल्गी, ३० नोव्हेंबर

मामा,

घरी पोचलो. वाटेत दोनदा रेडिएटर गोठलं, पण मामींनी तळून दिलेले कणकेचे बाउरसाक मी कोटाच्या आत ठेवले होते, ते गरम राहिले.

अजून डोळ्यांसमोरून ते दिवस जात नाहीत. मी आलो तेव्हा तुम्ही दाराशी उभे होतात आणि उजवा पाय उचलताना ओठ चावलात. ती काठी कुत्र्यांसाठी नाही, हे मला तिथेच कळलं. पहिल्या दिवशी शेगीरच्या डोळ्यांवरची टोपी काढली आणि तिने जीपकडे असं बघितलं, जसं मामी माझ्या बुटांकडे बघतात. मग तुम्हीच म्हणालात, "खोटा कोल्हा बांध मागे."

तुमच्या वडिलांच्या वेळचं ते कातडं! डोळ्यांच्या जागी मणी, पोटात पेंढा, शेपटी दोनदा शिवलेली. दोरीने जीपच्या मागे बांधलं, मी गाडी हळू सोडली, तुम्ही शेजारच्या मुसाखान काकांच्या टेकडीवरून तिला उडवलंत आणि शिकारीची हाक दिलीत, "का! का!" मी आरशात बघत होतो. ती आली तेव्हा आरसा भरून गेला. एका झेपेत कातडं पकडलं आणि बसली. मला वाटलं, झालं काम, म्हणून मी तसाच पुढे निघालो. तेव्हा तुम्ही जे ओरडलात, ते आईने ऐकलं असतं तर कबरीत कूस बदलली असती.

पण ते मी विसरणार नाही. "ती खोट्या कोल्ह्यावर खरी उतरली. आता तिला खरं मांस द्यायचं, लगेच, हाताने. गरुडाला रिकामं उतरवायचं नाही. माणसाला फसवलंस तर तो भांडतो, शिव्या देतो, पुन्हा येतो. गरुड भांडत नाही. जातो." त्यानंतर तुम्ही माझ्या शेजारी बसलात, मी प्रत्येक वेळी गाडी थांबवली आणि तुम्ही खिडकीतून मांस दिलंत. शेवटच्या दिवशी तर तुम्ही गाडीतून उतरलासुद्धा नाहीत. ती उडत यायची, कातड्याला नखं लावायची आणि लगेच मान वळवून खिडकीकडे बघायची.

आणि तो पहिला खरा कोल्हा! मुसाखान काका वाटेत भेटले, त्यांनी रीतीप्रमाणे म्हटलं, "तुझ्या खोगिराच्या वाद्या चरबीने माखोत!" मग जीपभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "पण ह्याला वाद्या कुठे आहेत रे?" कोल्हा द्यावा लागला त्यांना. समोरच्या माणसाने शुभ बोललं की पहिली शिकार त्याचीच, हे ते घोड्यावरून विसरत नाहीत आणि जीपवरूनही नाही.

मी आता महिन्याआड येतो. मामींना सांगा, सकाळी रेडिएटरमध्ये ओतायला गरम पाणी लागेल. त्या म्हणाल्या होत्या, "तुझी गाडी माझ्यापेक्षा जास्त चहा पिते." खरं आहे.

कायसार


अक्सू खोरं, २ फेब्रुवारी १९९८

भाच्या,

मोसम चांगला गेला. तू दोनदा येऊन गेलास, मध्ये मुसाखानच्या मुलाच्या जीपमधूनही गेलो. तीसुद्धा हिरवी आहे, पण तिचं दार दोरीने बांधावं लागतं. कोल्हे इतके मिळाले की तुझ्या मामीने टोप्या शिवून अख्ख्या खोऱ्याची डोकी झाकली. पायाचं काय विचारतोस. बसून बसून पाय खुश आहे.

आता एक गंमत ऐक. जनावरांचा डॉक्टर मागच्या आठवड्यात लसी टोचायला आला. त्याचीही जीप हिरवी, ताडपत्रीची. मी शेगीरला पाय मोकळे करायला उडवलं होतं. ती कड्यावर बसली होती. खाली मेंढ्या, मेंढ्यांत म्हातारा बोकड, पलीकडे खरा ससा पळतोय. ह्या सगळ्यांना सोडून ही पोरगी डॉक्टरच्या गाडीवर उतरली! ताडपत्रीत नखं रुतवली, आणि डोकं खाली घालून खिडकीतून आत बघायला लागली. डॉक्टर आतून ओरडतोय, "दलायखानभाऊ, हिला सांगा मी आजारी जनावर नाही!" मी धावणार कसा? मुसाखान हसून हसून घोड्यावरून घसरला. डॉक्टर तसा मोठ्या मनाचा आहे. चहा पिऊन शांत झाला आणि म्हणाला, "एवढं मन लावून माझ्या गाडीची वाट कुणी बघितली नव्हती."

हसलो मीही. पण रात्री झोपताना एक गोष्ट मनात आली. मी परवा मुसाखानच्या मुलाला काळ्या घोड्यावर बसवलं आणि शेगीरला त्याच्या हातावरून उडवून बघितलं. ती उडाली नाही. घोडा बघते आणि तशीच बसते. जीप बघितली की पंख हलवते.

असो. ह्या खोऱ्यात मोटारी किती, बोटांवर मोजण्याएवढ्या. तू काळजी करू नकोस. ताडपत्री शिवायला जाड दोरा आण.

दलायखान


उल्गी, ९ मार्च

मामा,

जाड दोरा घेतला. डॉक्टरांची गोष्ट मी गॅरेजमध्ये सांगितली, आमचे मालक इतके हसले की त्यांच्या हातातला पाना पायावर पडला. काळजी कसली करता, तिला तुमची गाडी आवडली, एवढंच!

आता गंभीर बोलतो. मामींनी मला लिहिलंय. रागावू नका त्यांच्यावर. त्या म्हणतात, शेगीर गेली की तुम्ही सकाळी उठायचं कशाला, हा प्रश्न त्यांना झोपू देत नाही. घोड्यावर बसणं गेलं, आता गरुडही जाणार. म्हणतात, "तुझा मामा रिकाम्या हातमोज्याकडे बघत बसेल आणि मी त्याच्याकडे."

म्हणून माझं तिसरं मागणं मांडतो. शेगीर मला नको. ती तुमच्याकडेच राहू दे, पण अजून एक हिवाळा. फक्त एक. जीप आहे, मी आहे, तुमचा पाय गाडीत दुखत नाही. पुढच्या वसंतात सोडा तिला, मी स्वतः डोंगरावर नेतो. हे मागणं आहे, मामा. नाही म्हणता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

बर्फ वितळून रस्ता उघडला की येतो.

कायसार


अक्सू खोरं, १७ एप्रिल

कायसार,

कागदावर मागितलेलं मागणं मागणं नसतं. समोर बसायचं, घरचं मीठ खायचं, मग मागायचं. तुझं तिसरं अजून तुझ्याकडेच आहे. तू यायच्या आत मी घाई केली, हे कबूल करतो. तू समोर बसून मागितलं असतंस तर मला नाही म्हणता आलं नसतं.

शेगीर गेली.

मुसाखानने आणि त्याच्या मुलाने मला काळ्या घोड्यावर चढवलं. दोघांनी मिळून पोतं चढवावं तसं. मी ओरडलो, पण चढलो. शेवटचं तरी घोड्यावरूनच, हे ठरलेलं होतं. वरच्या सरोवरापलीकडे गेलो, जिथे तिला पकडलं होतं. तिच्यासाठी एक मेंढी कापून ठेवली, पायातल्या वाद्या काढल्या, छातीवर हात फिरवला. टोपी मी खिशात ठेवली. तिला म्हटलं, "हिशेब पुरा, बाई." आम्ही खडकाआड अंधार पडेपर्यंत बसलो, म्हणजे ती मागे येणार नाही. तिने मेंढी खाल्ली आणि खडकावर चढली. मी रडलो. मुसाखानने पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं, तो जुना माणूस आहे.

पिठाची पोती आहेत. सध्या यायची घाई करू नकोस. चिखल फार आहे.

दलायखान


उल्गी, १० मे

मामा,

तुम्ही शब्द पाळलात, मी कोण बोलणारा. पण मला न बोलावता सोडलीत याचं वाईट वाटलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. आणि चिखलाचं काय सांगता, ही जीप चिखलासाठीच जन्माला आलीय. पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. तेव्हा येऊ का? तुम्ही "घाई करू नकोस" म्हणता, ते मला रागावल्यासारखं लागतंय. मामा रागावला की भाच्याने जायचं कुठे?

कायसार


अक्सू खोरं, २९ मे

कायसार बाळा,

मामी लिहितेय. तुझा मामा बाहेर दोर वळतोय, त्याला माहीत नाही.

तो रागावलेला नाही रे. तुझी वाट बघतो. पण तुला "ये" म्हणू शकत नाही.

शेगीर परत आलीय. आमच्याकडे नाही, गाड्यांकडे. डॉक्टर आला की डोंगरावरून येते आणि टपावर बसते. पहिल्यांदा तो घाबरला, आता खिशात मांस घेऊन फिरतो. म्हणतो, "बिचारी, मला ओळखते." चांगला माणूस, पण चांगुलपणानेच घात होतोय. परवा खिंडीतून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या जीपवर उतरली. त्यांच्याकडे बंदूक होती. मुसाखान मध्ये उभा राहिला म्हणून वाचली. ते म्हणाले, "पुन्हा आली तर विचारायला थांबणार नाही."

तुझा मामा सकाळी उठून रस्त्याकडे कान लावतो. इंजिनाचा आवाज आला की अंग चोरतो. मी त्याला म्हटलं, "एकच उपाय आहे, तुलाही माहीत आहे." तो म्हणाला, "मी तिला कधी रिकामं उतरवलं नाही. माझ्या बापाच्या कातड्याने मी तिला फसवू?" त्यानंतर जेवला नाही.

तुझी हिरवी जीप ह्या खोऱ्यात आली की ती हमखास उतरेल, म्हणून तो तुला येऊ देत नाही. आणि तुझ्याकडे काही मागणं त्याला जमत नाही. भाचा मागतो, मामा देतो, उलटं होत नाही. म्हणून मी लिहितेय. मामीला रीत लागू नाही.

एक वर्ष मागायला मीच तुला सांगितलं होतं. चुकले. ती मोकळी झाली नाही तर तुझ्या मामाला कसला आलाय आराम.

कुल्यान


उल्गी, १२ जून

मामा,

मी तिसरं मागणं मागतोय. आधीचं कागदावरचं तुम्ही मानलं नाहीत, हेही न मानायला तुम्ही मोकळे. म्हणून आधी पत्र पाठवतो, आणि महिनाअखेरीस खालच्या उताराला नदीपाशी येऊन थांबतो. वर येत नाही.

मला खोटा कोल्हा द्या. तुमच्या वडिलांचा. मामींच्या हाती खाली पाठवा. आणि तुम्ही घरातच बसा, बाहेर येऊ नका, खिडकीतूनही बघू नका.

तिला जीपची सवय मी लावली. तिला फसवायचं असेल तर मी फसवेन. तुमचा हात त्यात नको. तिने कुणाला खोटं म्हणायचं तर मला म्हणावं. तसंही ती माझ्याकडे कधी धड बघत नव्हती.

तुम्ही कातडं पाठवलं नाहीत तर मी गाडी वळवून परत जाईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

कायसार


अक्सू खोरं, २४ जून

भाच्या,

कागदावरचं मागणं मानलं.

कातड्याची शेपटी पुन्हा उसवली होती, ती शिवली आहे. पेंढा नवा भरला. डोळ्याचा एक मणी सैल आहे, तिने तो कधी उपटला नाही, तूही उपटू नकोस. मांस जवळ ठेवू नकोस, गाडीत वाससुद्धा नको. गाडी पाण्याने धू. ती खिडकीकडे बघेल. तेव्हा तू तिच्याकडे बघू नकोस, नाहीतर देशील.

मी घरातच बसेन.

दलायखान


उल्गी, २३ जुलै

मामा,

मामींनी तुम्हाला तोंडी सांगितलंच असेल. तरी मी लिहितो, कारण तुम्ही त्यांना दोनदाच विचारलंत आणि पुढे विचारलं नाहीत, असं त्या म्हणाल्या.

आधी डॉक्टरांकडे गेलो. ते कळवळले. म्हणाले, "मग माझ्या गाडीवर कोण बसणार?" पण खिसा उलटा करून दाखवला आणि कुराणावर हात ठेवून शपथ घेतली. मग मुसाखान काकांच्या मुलाने आपली जीप आणली. एकट्या माझ्या गाडीने भागलं नसतं. तिला सगळ्याच गाड्या खोट्या वाटायला हव्या होत्या.

पहिल्या सकाळी ती उतरली. मी दोरी सोडली होती, गाडी हळू चालवत होतो. आरसा पुन्हा तसाच भरला. तिने कातडं पकडलं आणि खिडकीकडे वळली. मी तुमचं ऐकलं नाही, मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. हात रिकामा होता. ती वाट बघत बसली, मामा. गाडीच्या टपावर चढली, पुन्हा वाकून खिडकीत बघितलं. मी स्टीअरिंग घट्ट धरून बसलो होतो. मग कातड्यात लपवलेले डबे दोरी ओढून वाजवले. ती दचकून उडाली. मी तिथेच गाडीत रडलो. मला वाटलं, तुम्ही लोक पिढ्यानपिढ्या जे करत नाही, ते मी एका सकाळी केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तेव्हा कातडं पकडलं नाही, शेजारी उतरली, चालत खिडकीपर्यंत आली. मी दार उघडून टिन वाजवलं. त्यानंतर डॉक्टरांच्या गाडीवर गेली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हॉर्न दाबला. मग मुसाखान काकांच्या मुलाची गाडी. प्रत्येक गाडीने तिला फसवलं. शेवटी शेवटी ती नुसती वरून घिरटी घालायची, खाली यायची, आणि अर्ध्यातून परत जायची. अर्ध्यातून परत जाताना एकदा ओरडली. ते तुम्हाला लिहिणार नव्हतो, पण लिहिलं.

मी निघालो त्या दिवशी ती दिसली नाही. याचा अर्थ काय, मला माहीत नाही. तुम्हाला कळेल.

खोटा कोल्हा मामींकडे दिलाय. मणी आहे तिथेच आहे.

कायसार


अक्सू खोरं, १८ ऑक्टोबर

कायसार,

उशिरा लिहितोय. आधी लिहिण्यासारखं काही नव्हतं.

पायाला सुई टोचून घ्यायला डॉक्टर मला खाली दवाखान्यात नेतो, माणसांच्या दवाखान्यात. काल त्याच्या जीपमधून परत येत होतो. पहिला बर्फ पडला होता. वरच्या कड्याखाली डॉक्टरने एकदम गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. म्हणाला, "भाऊ, ती."

मला दुरून कळतं. कुणाला गरुड दिसतो, मला शेगीर दिसते. ती थेट आमच्या डोक्यावर आली. मी खिडकी खाली केली. खोटं कशाला बोलू, बाहीत मांसाचा तुकडा होता. डॉक्टरलाही माहीत नव्हतं. घरातून निघताना घेतला होता, कशासाठी ते मला विचारू नकोस. तिने पंख मिटायला सुरुवात केली असती तर मी तो बाहेर काढला असता का, हे मला आज सकाळपर्यंत कळलेलं नाही. माझा हात थरथरत होता. तुला कधी मारलं नाही, तरी.

तिने खाली बघितलं. हिरवी गाडी बघितली, ताडपत्री बघितली, खिडकी बघितली. तिला दिसलो असेन मी, तिची नजर तुला माहीत आहे. मग ती वळली. उतारावर पलीकडे ससा निघाला होता, खरा, पांढरा होत चाललेला. तिने त्याला पहिल्याच झेपेत घेतला आणि खडकामागे घेऊन गेली. आमच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

डॉक्टर टाळ्या वाजवायला लागला. मी म्हटलं, "गाडी चालू कर, थंडी वाजते."

तुकडा तसाच घरी आणला. मामीने तो रश्श्यात टाकला आणि आम्ही दोघांनी खाल्ला. बाहीला वास लागलाय, धुतली तरी जात नाही. जाऊ दे.

तू जे केलंस, ते मी केलं नसतं. माझ्या बापाने केलं नसतं. म्हणूनच ती आमच्यापैकी कुणामुळे मोकळी झाली नसती. एवढंच सांगायचं होतं, ते सांगायला एवढं मोठं पत्र लागलं.

तुझी तिन्ही मागणी झाली. शिंगरू गेलं, कोट गेला, कोल्हा इथे भिंतीवर आहे पण तुझा आहे. आता तुझ्याकडे मागायला काही उरलं नाही.

रस्ता अजून उघडा आहे. जीप घेऊन नुसता ये.

दलायखान